सोसायटीची ‘रहायला गेल्यानंतरची’ तपासणी करून घेतली, इंदूरमधला आमचा अनुभव (रिव्ह्यू मोठा आहे)

इंदूरात फ्लॅटमध्ये रहाणाऱ्या आपल्या सगळ्या लोकांसाठी लिहितेय, कारण राजेंद्रनगरपासून पार बायपासपर्यंत जिथे जाऊ तिथे एकच ऐकू येतं, सँपल फ्लॅट बघताना सगळं मस्त होतं, रहायला गेल्यावर एकेक गोष्ट बाहेर यायला लागली आणि आता विचारायचं कुणाला. आमची सोसायटी अन्नपूर्णा रोडच्या पुढे, सात मजली दोन विंग, पझेशन मिळून तीन वर्षं होऊन गेली, निम्मी घरं मराठी. तक्रारी सगळ्यांच्याच होत्या. वरच्या मजल्यावर मे महिन्यात झोप नाही, पावसाळ्यात भिंतींना ओल, लिफ्टसमोर अंधार, कचऱ्याच्या डब्यांची जागा चुकीची, आणि दर मीटिंगमध्ये ह्या सगळ्याचं रूपांतर भांडणात. एका कॉन्ट्रॅक्टरने तर येऊन, वर गच्चीवर पाच मिनिटं उभं राहून, पूर्ण बिल्डिंगचं वॉटरप्रूफिंग करा म्हणून काही लाखांचं कोटेशन देऊन टाकलं. तेव्हा कमिटीतल्या काकांच्या भाचीने, ती आर्किटेक्चर शिकतेय, सुचवलं की आधी पोस्ट ऑक्युपन्सी इव्हॅल्युएशन, म्हणजे लोक रहायला आल्यानंतरची बिल्डिंगची तपासणी, करून घ्या आणि मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा. इथेच एक आर्किटेक्ट मॅडम आणि त्यांच्याबरोबर दोन इंजिनियर मुलं असं छोटं ऑफिस आहे, ते हे काम करतात, त्यांना बोलावलं. हा रिव्ह्यू त्यांच्या त्या सर्व्हिसचा आहे.

आधी हे काय नाही ते सांगते, कारण आमच्याकडे सुरुवातीला खूप गैरसमज झाले. हे स्ट्रक्चरल ऑडिट नाही, बिल्डिंग पडेल का उभी राहील ते सांगायला हे लोक येत नाहीत. वास्तुवाले नाहीत. नुसतं लाईट बिल बघून सोलर लावा सांगणारे पण नाहीत. लोक रहायला आले, सगळे ऋतू एकदा होऊन गेले, आता ही बिल्डिंग रहाणाऱ्यांना कशी पडतेय आणि नकाशावर जे ठरवलं होतं त्याच्याशी ते किती जुळतंय, हे यंत्राने मोजायचं आणि माणसांना विचारायचं, दोन्ही. फक्त मोजलं तर कळत नाही आणि फक्त विचारलं तरी कळत नाही, हे मला त्यांचं काम बघताना पटलं.

ह्याचे तीन प्रकार असतात असं त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. एक वरवरचा, एका दिवसात फिरून, दोन-चार जणांशी बोलून. दुसरा जरा खोलात, फॉर्म भरून घेऊन, यंत्रं लावून. तिसरा एकदम खोल, महिनोन्‌महिने चालणारा, तो मोठ्या हॉस्पिटल किंवा सरकारी इमारतींसाठी वगैरे. आम्ही मधला घेतला. खर्च प्रत्येक घरामागे आमच्या एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा थोडा जास्त पडला. त्यावरून पण वाद झालाच, पण कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनशेजारी ठेवून बघितल्यावर लोक गप्प बसले.

फॉर्म खूप चांगला होता, हे मुद्दाम लिहितेय. हिंदी आणि मराठी दोन्हीत, आणि प्रश्न साधे. एक ते सात आकड्यांत उत्तर द्यायचं, उन्हाळ्यात घर कसं वाटतं, थंडीत कसं, हवा कशी, आवाज, उजेड, आणि शेवटी मोकळी जागा, मनातलं लिहायला. त्यात एक प्रश्न होता की रात्री झोपताना खिडकी उघडी ठेवता का, नसाल ठेवत तर का नाही. मला वाटतं अर्धा रिपोर्ट ह्या एका प्रश्नातून निघाला.

कारण बघा, आपल्याकडे शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगीच म्हणत नाहीत. माळव्याचं पठार, साडेपाचशे मीटरची उंची, दिवसा चाळीस असलं तरी रात्री उशिरा हवा उतरते. जुन्या घरांत लोक गच्चीत, अंगणात झोपायचे ते ह्याच जोरावर. म्हणजे इथे बिल्डिंगला खरं तर फुकटचा एसी आहे, रात्री खिडक्या उघडा, भिंती आणि स्लॅब थंड होऊ द्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करा. पण आमच्याकडे बहुतेक घरांनी लिहिलं की रात्री खिडकी बंद असते. का, तर मच्छर. जाळीच दिलेली नाही. आणि दुसरं, स्लायडिंग खिडकी, दोन ट्रॅकची, ती कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. बाहेरून बघायला केवढी मोठी काच दिसते, हवा यायला अर्धीच.

त्यांनी मग हिशोब करून दाखवला. घरांसाठी केंद्र सरकारचा एक कोड आहे, इको निवास संहिता, २०१८ चा, त्यात आपल्यासारख्या हवामानात कार्पेट एरियाच्या किमान १२.५ टक्के इतकी जागा उघडणारी पाहिजे असं आहे, खिडक्या, व्हेंटिलेटर, गॅलरीचं दार सगळं धरून. म्हणजे ८०० स्क्वेअर फुटांचा फ्लॅट असेल तर १०० स्क्वेअर फूट. आमच्या मधल्या फ्लॅटमध्ये काचेचं माप घेतलं तर आकडा ह्या मर्यादेच्या वर जातो, उघडणारं माप घेतलं तर खाली येतो. इतकी साधी गोष्ट, पण घर घेताना मी काय कुणीच हे विचारत नाही, आपण टाईल्स बघतो, मॉड्युलर किचन बघतो.

यंत्रांचं सांगते. छोट्या डबीसारखे लॉगर असतात, तापमान आणि दमटपणा दर थोड्या वेळाने आपोआप लिहून ठेवतात, ते त्यांनी वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या दिशांच्या फ्लॅटमध्ये ठेवले, मे मध्ये आणि मग परत पावसाळ्यात. आमचाही फ्लॅट त्यात होता. त्याचा ग्राफ बघितला तेव्हा मला खरंच काहीतरी वाटलं, कारण सातव्या मजल्यावरची माणसं तीन वर्षं सांगून राहिली होती की रात्री नऊ-दहाला घर जास्त तापतं, आणि खालचे लोक म्हणायचे की अहो रात्री कसं तापेल, तुमचं आपलं काहीतरीच. ग्राफमध्ये स्पष्ट दिसलं. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि ती उष्णता आत यायला काही तास लागतात, त्यामुळे बाहेर थंड व्हायला लागतं तेव्हा सातव्या मजल्याचं छत आत उष्णता सोडत असतं. तिथल्या एक आजी मीटिंगमध्ये उठून म्हणाल्या, “बघा, आम्ही खोटं नव्हतो बोलत.” ह्या एका वाक्यासाठी मी ह्या सर्व्हिसला एक स्टार जास्त देईन.

गच्चीचं पुढचं पण लगेच सांगते. त्याच कोडमध्ये छतातून किती उष्णता आत यावी ह्याची मर्यादा आहे, यू व्हॅल्यू म्हणतात, ती १.२ च्या आत पाहिजे. नुसत्या १५ सेंटिमीटरच्या उघड्या स्लॅबची ती त्याच्या दुपटीहून जास्त असते. आमच्या गच्चीवर थोडा कोबा आहे, पण वर गडद रंगाचा वॉटरप्रूफिंगचा थर, जो ऊन आणखी खेचतो. त्यांचा सल्ला साधा होता, पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाईल्सच्या तुकड्यांची फरशी, किंवा तेवढे पैसे नसतील तर आधी पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी परत, आणि धूळ बसली की धुवायचा, नाहीतर उपयोग जातो. इंदूर २२.७ अक्षांशावर आहे, जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तेव्हा सगळ्यात जास्त मार गच्चीवरच.

आणि ह्यातून दिशेचा एक मुद्दा निघाला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दक्षिणमुखी घर म्हटलं की लोक नाक मुरडतात, आमच्याकडे दक्षिणेचे फ्लॅट शेवटी विकले गेले. आणि लॉगरमध्ये मे महिन्यात दक्षिणेचे फ्लॅट बऱ्यापैकी बरे निघाले, कारण उन्हाळ्यात सूर्य इतका वर असतो की दक्षिणेच्या भिंतीवर ऊन थोडंच येतं आणि छोट्याशा छज्ज्यानेसुद्धा अडतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४४ अंशांपर्यंतच चढतो, मग ऊन छज्ज्याखालून आत येतं, थंडीत छान वाटतं. खरा त्रास पश्चिमेचा. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, त्याला वरचा छज्जा काय अडवणार, आणि आमच्या बी विंगला हॉलची मोठी काच नेमकी पश्चिमेला, कारण तिकडून रस्त्याचा व्ह्यू आहे. ती काच बघूनच लोकांनी जास्तीचे पैसे दिलेत. आतून जाड पडदे लावून फार फरक पडत नाही कारण काचेतून उष्णता एकदा आत आली की आलीच, अडवायची तर काचेच्या बाहेर, चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा उभ्या पट्ट्या.

किती तापमान म्हणजे जास्त, हे ठरवायची त्यांची पद्धत मला आवडली. एसीचा आकडा लावून सगळी घरं नापास केली नाहीत. अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीने भारतातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या ऑफिसांमधल्या लोकांना विचारून २०१४ मध्ये एक मॉडेल काढलं, ते पुढे २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घेतलं गेलं, त्याचं म्हणणं असं की माणूस हवामानाला सरावतो, बाहेरची गेल्या महिन्याभराची सरासरी ३३ असेल तर पंखा आणि उघड्या खिडक्यांच्या जागेत तीसच्या जरा वरचं तापमानही चालून जातं. ते ऑफिसांचं आहे, घरांना अंदाजाने लावलंय, हे त्यांनी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं. असा प्रामाणिकपणा पाहिजे. ह्या मापाने बघितलं तर मधल्या मजल्यांची घरं बरीचशी ठीक, आणि सातवा मजला व पश्चिमेची घरं नापास, आणि लोकांनी फॉर्ममध्ये दिलेले आकडे पण हेच सांगत होते.

कूलरचा मुद्दा मी ह्यांच्याशिवाय कधी विचारातच घेतला नसता. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी कट्टा दिलाय, पण आमच्याकडे बहुतेक घरांत कूलर आहे, कारण इंदूरचा एप्रिल-मे कोरडा, खसच्या ताट्यांचा कूलर मस्त चालतो आणि बिल कमी. त्याच्यासाठी जागाच नाही. लोक गॅलरीच्या दारात ठेवतात, मग दार बंद होत नाही, पाण्याचा पाईप हॉलमधून आडवा, आणि समोरची खिडकी बंद असली की आत नुसता दमटपणा, कारण कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते. नकाशा काढणाऱ्याने धरलं असणार की सगळे एसी घेतील. कुणी येऊन बघितलं असतं तर पुढच्या बिल्डिंगला खिडकीखाली एक कट्टा आणि एक नळ दिला असता.

आता ओल. ह्यावरून आमच्याकडे दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमची भिंत ओली, पोपडे निघालेले, आणि त्यांचं ठाम म्हणणं की पाचव्यावाल्यांचं बाथरूम गळतंय. पाचव्यावाल्यांनी एकदा फरशी उखडून परत करून घेतली होती, तरी ओल तशीच. त्या इंजिनियर मुलाने यंत्र काढायच्या आधी विचारलं, “काकू, ही ओल कधी दिसते, वर्षभर का पावसातच?” काकू म्हणाल्या जुलैमध्ये सुरू होते आणि दिवाळीपर्यंत सुकते. बाथरूम तर वर्षभर वापरतात. मग इन्फ्रारेड कॅमेरा लावला. त्यात ओली जागा थंड दिसते, कारण पाणी वाळताना भिंत गार होते, पण कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त तापमान दिसतं, म्हणून मग दोन सुयांच्या मीटरने भिंतीतला ओलावा मोजला. पट्टा बाथरूमकडून नाही, बाहेरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून खाली आलेला. खिडकीखालच्या दगडाचा उतार आतल्या बाजूला आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच नाही, त्यामुळे पाणी छज्ज्याखालून फिरून भिंतीला लागतं आणि फ्रेमच्या फटीतून आत. सगळ्या पश्चिमेच्या खिडक्यांचं हेच निघालं, आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर तिकडूनच येतो. म्हणजे संपूर्ण बिल्डिंगचं वॉटरप्रूफिंग करायची गरज नव्हतीच. काकूंनी पाचव्यावाल्यांकडे पोहे पाठवले, एवढं पुरे.

पार्किंगच्या फरशीला आणि कंपाउंडच्या भिंतीला तडे गेलेत त्याने लोक घाबरले होते. काळी माती, पावसात फुगते उन्हाळ्यात आक्रसते, त्यावर नुसती फरशी टाकली की हलणारच. त्यांनी तड्यांवर खुणा करून ठेवल्या, ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतात का बघायला, आणि कॉलमला काही दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनियरलाच बोलवा, आमचं ते काम नाही, असं स्वच्छ सांगितलं. पाण्याचं पण बघितलं, माणशी रोज १३५ लिटर धरतात त्या हिशोबाने टाक्या ठीक आहेत, फक्त नर्मदेचं आणि बोअरचं पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत, संपमध्ये, मिसळतं त्यामुळे सगळ्यांच्या नळांना क्षार धरतात. दोन कप्पे करा म्हणाले.

जिन्यातल्या सेन्सर लाईटचं मात्र जरा सांगितलं पाहिजे. वीज वाचावी म्हणून लावलेत, चांगलं आहे, पण वेळ इतका कमी ठेवलेला की म्हातारं माणूस दोन मजल्यांच्या मध्ये असताना लाईट जातो, मग हात हलवत उभं रहायचं. म्हणून कुणीतरी एका मजल्यावर स्विच कायमचा चालू करून चिकटपट्टी लावून ठेवली होती, आणि तिथे दिवसाढवळ्या लाईट जळतो. वाचवायला लावलेली वस्तू जास्त वीज खाते. मॅडमनी सांगितलं की इंग्लंडमध्ये १९९५ ते २००२ प्रोब नावाचा अभ्यास झाला, वापरात आलेल्या इमारतींची नावं घेऊन निकाल छापले, त्यात परत परत हेच निघालं, वीज अंदाजापेक्षा खूप जास्त आणि कंट्रोल इतके अवघड की वापरणाऱ्यांनी ते बायपास केलेले. आमचा टायमर बदलायला एक पैसा लागला नाही, इलेक्ट्रिशियनने स्क्रू फिरवून वेळ वाढवली.

हे शास्त्र काही कालचं नाही. अमेरिकेत बर्कलीला १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या उंच हॉस्टेलांचा असा अभ्यास झाला. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेने कामाचे टप्पे ठरवले तेव्हा शेवटचा टप्पा हाच होता, परत जाऊन बघा. आणि १९७२ मध्ये तो काढून टाकला कारण त्याचे पैसे द्यायला क्लायंट तयार नसायचे. २०१३ मध्ये वापराचा टप्पा परत आला. मला ह्याचं खूप वाईट वाटतं. एवढे हुशार लोक, एवढे पैसे, आणि बांधून झाल्यावर बघायला जाणं हे कुणाचंच काम नाही.

आणि आपल्या इंदूरला तर ह्याची परंपरा असायला पाहिजे होती. पॅट्रिक गेडिस, शहरांची आखणी करणारे स्कॉटिश तज्ज्ञ, होळकर दरबारासाठी इथे आले, १९१८ मध्ये त्यांचा रिपोर्ट निघाला, त्यांचं सगळं म्हणणंच हे की आधी गल्लीगल्लीत फिरून लोक कसे रहातात ते बघा, मग हात लावा. आणि विजयनगरकडे ‘अरण्य’ नावाची वस्ती आहे, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची, पुण्यात जन्मलेले, २०१८ मध्ये प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळाला ते. इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८० च्या दशकात केलेली ती वस्ती, साधारण साडेसहा हजार प्लॉट, नमुन्याची घरं फक्त ८०, बाकी गरीब घरांना जोतं, संडास-मोरी आणि पाणी-ड्रेनेजची जोडणी करून दिली आणि वरचं घर लोकांनी आपल्या ऐपतीने वाढवत न्यायचं. १९९५ मध्ये तिला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला. मॅडम आम्हाला, म्हणजे कमिटीतल्या ज्यांना यायचं होतं त्यांना, एका रविवारी तिथे घेऊन गेल्या, हे पॅकेजमध्ये नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. आज तिथे खूप बदललंय, मजले चढलेत, दुकानं निघालीत, पण घरापुढचे ओटे बघा, त्यावर बायका भाजी निवडताहेत, पोरं अभ्यास करताहेत. तिथे उभं राहून त्यांनी विचारलं की तुमच्या सोसायटीत लोक कुठे बसतात.

आणि उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बिल्डरने गार्डनमध्ये सुंदर बाक दिलेत, तिथे कुणी बसत नाही, संध्याकाळी सहापर्यंत ऊन आणि येणारं-जाणारं कुणी दिसत नाही. सगळे आजी-आजोबा बसतात ए विंगच्या प्रवेशाच्या तीन पायऱ्यांवर, कारण तिथे सावली, वारा, आणि गेटमधून कोण येतंय ते कळतं. पायऱ्यांना पाठ टेकायला काही नाही, उठायला धरायला काही नाही. त्या मुलांनी वेगवेगळ्या वेळी कोण कुठे बसलंय ह्याच्या खुणा नकाशावर केल्या होत्या, गार्डन कोरं आणि पायऱ्यांवर ठिपक्यांची गर्दी. आम्ही बाक उचलून तिथे आणले आणि रेलिंग लावलं.

आता जे आवडलं नाही ते. रिपोर्ट इंग्रजीत, जाडजूड, कोडच्या कलमांनी भरलेला. फॉर्म मराठी-हिंदीत भरून घेतला मग उत्तर इंग्रजीत का? मागे लागल्यावर हिंदीत दहा-बारा पानांचा सारांश करून दिला, तो खरं तर पहिल्यापासून पाहिजे, सगळ्या घरांत तोच वाचला गेला. दुसरं जास्त गंभीर आहे. फॉर्म फ्लॅटच्या मालकांना दिले. भाड्याने रहाणाऱ्यांना सुरुवातीला नाहीच, आणि वॉचमन, झाडूवाले भैया, घरकामाला येणाऱ्या बायका ह्यांना तर विचारायचं सुचलंच नाही. इंदूरात ओला-सुका वेगळा केल्याशिवाय गाडी कचरा घेत नाही, आणि आमची डब्यांची जागा बेसमेंटच्या उताराच्या तळाशी, जड डबे वर ओढून आणायचे, ते रोज करतं कोण? त्यांनाच विचारलं पाहिजे ना. वॉचमनच्या केबिनला पत्र्याचं छत, तिथे लॉगर ठेवा म्हणून मी भांडले तेव्हा ठेवला, आणि तिथला मे महिन्याचा ग्राफ सातव्या मजल्याच्याही वर गेला. बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त तास जो माणूस घालवतो त्याचीच जागा सगळ्यात वाईट. हे त्यांनी नंतर मान्य केलं आणि आता सगळ्यांना विचारतात म्हणे, तुम्ही बोलावलंत तर ह्याची खात्री करा.

आवाज फक्त दिवसा मोजला हे पण चुकलंच, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आमचा पंप पहाटे सुरू होतो, पहिल्या मजल्यावाल्यांचा सगळा त्रास तेव्हाचा. सांगितल्यावर परत आले, पण आधी विचारायला हवं होतं.

लोकांना एक भीती होती ती लिहिते, कारण तुमच्याकडेही निघेल. असा रिपोर्ट झाला आणि बाहेर गेला तर फ्लॅटची किंमत पडेल. ह्यावर मीटिंगमध्ये खूप आवाज चढले. त्यांनी रिपोर्टमध्ये कुठल्याच घराचा नंबर टाकला नाही, फक्त मजला आणि दिशा, आणि लॉगरचे आकडे ज्याचे त्याला. मला विचाराल तर लपवून ओल सुकत नाही, पण हे काही जणांना आजही पटलेलं नाही आणि तीन घरांनी शेवटपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही.

आता बिल्डरचं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा रिअल इस्टेट कायदा, त्याच्या कलम १४ प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांच्या आत स्ट्रक्चरचा, कामाच्या क्वालिटीचा किंवा सर्व्हिसेसचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आधी आम्ही नुसतं ‘भिंती ओल्या आहेत’ म्हणून लिहीत होतो आणि उत्तर यायचं की तुमचा वापर बरोबर नाही. ह्या वेळी खिडकीच्या उताराचे फोटो, मीटरचे आकडे, कुठल्या ओळीतल्या खिडक्या, सगळं जोडून दिलं. महिनाभर टाळाटाळ, मग माणसं आली आणि पश्चिमेच्या खिडक्यांचे दगड आणि फटी करून दिल्या. तापण्याबद्दल मात्र काही मिळालं नाही, काच पश्चिमेला आहे हा दोष धरत नाहीत. गच्चीचा पांढरा कोट आम्ही आमच्या पैशाने केला. आणि हे लोक वकील नाहीत, पत्रव्यवहार तुम्हालाच करायचाय, ते फक्त कागद नीट करून देतात.

कोट आणि जाळ्या झाल्यावर पुढच्या मे मध्ये लॉगर परत लावले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. सातव्या मजल्यावर रात्रीचा आकडा चांगला उतरला, आणि आजींनी सांगितलं की आता कूलर पहाटे बंद करतात. बी विंगच्या पश्चिमेच्या घरांचं अजून अडलंय, बाहेरून चिका लावायच्या तर सगळ्यांनी एकसारख्या लावा असं कमिटीचं म्हणणं आणि खर्च आपापला, त्यावर पुढच्या मीटिंगमध्ये बोलणं आहे.

पाचपैकी चार स्टार. इंग्रजी रिपोर्ट आणि कामवाल्यांना न विचारणं ह्यासाठी एक कापला. बोलवायचं असेल तर पझेशनला एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावर बोलवा, त्याच्या आधी उपयोग नाही, आणि पाच वर्षं व्हायची वाट बघू नका. करारात मे आणि ऑगस्ट दोन्ही भेटी लिहून घ्या, दुरुस्तीनंतरचं मोजमाप पण लिहून घ्या, हिंदी-मराठी सारांश मागा, आणि बिल्डरकडून मिळालेले नकाशे आधीच शोधून ठेवा, आमचे अर्धे सापडतच नव्हते आणि त्यात बराच वेळ गेला. नाव कुणाला हवं असेल तर मला विचारा, सांगते.